काही शंका आहे का?

मंगळवार, ४ मार्च

रिपोर्ट आले. सगळे चांगले आहेत. कंपनीच्या दवाखान्यातले डॉक्टर हसून म्हणाले, अभिनंदन. मी आभार मानले आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. लगेच उठलो. बसलं की खालून कळ येते, उभं राहिलं की जरा बरं वाटतं.

ही डायरी कंपनीकडून दरवर्षी मिळते. आजवर ती माझ्या बायकोकडे जायची. यंदा कोरीच पडून होती. आता मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागणार, तेव्हा काय होतं ते नीट सांगता यावं म्हणून लिहायला घेतली आहे. तोंडाने सांगणं मला जमत नाही.

ओटीपोटात दुखतं आणि त्याच्याही खाली, सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात. कधी जळजळ. सारखी शंका आल्यासारखं वाटतं. गेलं तर थोडंच, तेही थांबत थांबत. वर्ष होत आलं. जंतू नाहीत, खडा नाही, साखर नाही. म्हणजे मला काही झालेलं नाही आणि दुखतं.

कामाबद्दलही लिहायला हवं. मी टॉवर क्रेन चालवतो. शिडीने केबिनपर्यंत चढायचं म्हणजे दम निघतो, त्यामुळे सकाळी एकदा चढलं की डबा वरच खायचा. बाकीचे ऑपरेटर एक रिकामी बाटली वर नेतात. कशासाठी ते लिहायला नको. मी कधीच नेली नाही. सकाळी चढतो तो पाळी संपल्यावरच उतरतो. साइटवर मला ‘टाकी’ म्हणतात. नवीन आलेल्यांना ते माझं आडनाव वाटतं. मला त्या नावाचा राग नाही. अशी नावं कमवावी लागतात.

रविवार, ९ मार्च

घरात आम्ही दोघंच. मी आणि सासूबाई. मागच्या वर्षी ही अचानक गेली तेव्हा त्या चार दिवसांसाठी आल्या आणि राहिल्या. त्यांनी निघते म्हटलं नाही, मी जा म्हटलं नाही. मला त्या जावईबापू म्हणतात आणि मी खोलीत आलो की सोफ्यावर घेतलेले पाय अजूनही खाली सोडतात.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून. त्यामुळे असेल, अलीकडे त्यांना कमी ऐकू येतं. आमचं बाथरूम स्वयंपाकघराला लागून आहे. मी आत असलो की बाहेर रेडिओ इतका मोठा लागलेला असतो की भांडी थरथरतात. बाहेर आल्यावर मी काही बोलत नाही. एकदा कान तपासून आणायला हवेत.

आज दोघांनी मिळून हिचं कपाट उघडलं. काय ठेवायचं, काय द्यायचं ते ठरवायचं होतं. सासूबाईंनी एक स्वेटर बाहेर काढला, परत घडी घातली आणि तिथेच ठेवला. मग कपाट बंद केलं. दुपारी फार दुखलं. सकाळी दुसरा चहा घेतला होता, त्याचा परिणाम. उद्यापासून दुसरा चहा बंद.

शुक्रवार, १४ मार्च

सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन या म्हणाले होते. बाहेर सगळे पुरुषच, प्रत्येकाच्या मांडीवर पाण्याची बाटली. कोणी गुडघे आवळून बसलेला, कोणी भिंतीला कपाळ लावून उभा. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एक जाडजूड गृहस्थ तेवढे मोठ्याने म्हणत होते, धरण भरलंय, आता दरवाजे उघडा. कोणी हसलं नाही. हसणं कोणालाच परवडण्यासारखं नव्हतं.

माझा नंबर पुकारला तेव्हा त्या गृहस्थांचा चेहरा बघवेना, म्हणून मी त्यांना आधी जाऊ दिलं. मग आणखी एकाला. मग एका म्हाताऱ्या माणसाला. मला काहीच घाई नव्हती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. शेवटी आतल्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, अहो, तुम्ही पेशंट आहात की इथले रखवालदार?

तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, आता रिकामं करून या, मागे किती उरतं ते बघायचंय. गेलो. उभा राहिलो. काहीच होईना. नळ सोडून पाहिला. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं, मग तर संपलंच. जे थोडं झालं ते घेऊन परत आलो. बाई म्हणाल्या, बरंच उरलंय. घाबरलात का? मी त्यांना सांगितलं की मी वीस मजल्यांच्या वर बसून काम करतो. त्यांनी आकडा लिहून घेतला.

शनिवार, २२ मार्च

सासूबाईंना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आधी नको म्हणत होत्या, मग माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मुकाट्याने चपला घातल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके तल्लख कान मी पाहिलेले नाहीत, शेजारच्या घरातली टाचणी पडलेली यांना कळेल.

मला बरं वाटलं. येताना त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. घरी आल्यावर मी आत गेलो तर रेडिओ पुन्हा तसाच मोठा. जुनी सवय, दुसरं काय.

गुरुवार, ३ एप्रिल

आज मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. पुरुषांच्या या दुखण्यांचे ते इथले नावाजलेले तज्ज्ञ आहेत. डायरी पिशवीत होती. काढली नाही. त्यांनी विचारलं, काय त्रास आहे? मी म्हटलं, थोडं दुखतं. कुठे? मी म्हटलं, खाली. त्यांनी रिपोर्ट चाळले, तपासलं, म्हणाले तसं काही दिसत नाहीये, प्रोस्टेटची ग्रंथी साधारण आहे, या गोळ्या घेऊन बघा. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं,

“काही शंका आहे का?”

मला तर केव्हापासून आली होती. मला वाटलं, केवढा हुशार माणूस, नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं.

“हो, आहे,” मी म्हणालो.

“मग संकोच कसला?”

मी आभार मानून उठलो आणि बाहेर गेलो. दारावरच्या मुलीने जागा दाखवली. परत आलो तर आत दुसरा पेशंट बसलेला. मुलीने विचारलं, तुमचं झालं ना? मी म्हटलं, हो, झालं.

बस स्टॉपवर उभा असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ते कोणत्या शंकेबद्दल विचारत होते.

मला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. मला हे नक्की काय झालंय, आणि जूनमध्ये फिटनेस सर्टिफिकेट मिळणार का. ते मिळालं नाही तर केबिन गेली. खालचं काम मला येत नाही, म्हणजे कधी केलेलंच नाही.

रविवार, ६ एप्रिल

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. डॉक्टर काय म्हणाले, असं त्यांनी सहज विचारलं. का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. शंकेचंही.

त्या खाली मान घालून बसल्या. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, मी पाणी आणायला धावलो. परत येऊन पाहतो तर त्या हसत होत्या. उशीचा अभ्रा तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आवाज अजिबात नाही. हीसुद्धा अशीच हसायची, आवाज न करता. हे मी विसरून गेलो होतो. मग मलाही हसू आलं. हसलं की खाली दुखतं, पण थांबवता येईना.

शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी मी येते. मी म्हटलं, तुम्ही कशाला, बरं दिसत नाही.

“जावईबापू, मी जन्मभर लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. पण पलीकडचा तोंडच उघडत नसेल तर लाइन जोडून काय करायचं? मी येतेय.”

जावयाच्या अशा दुखण्यात सासू. माझ्या ओळखीत कोणाच्या घरी असं झालेलं नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

गेलो. डॉक्टरांनी दोघांना आत घेतलं. सासूबाईंनी आपली खुर्ची उचलली, कोपऱ्यात नेली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

“मी इथे नाहीच असं समजा,” त्या भिंतीला म्हणाल्या. “पण सगळं सांगून झाल्याशिवाय मी उठायची नाही.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मीही डायरी काढली नाही. तोंडानेच सांगितलं. कुठे दुखतं, जळजळ कधी होते, धार कशी तुटते, सगळं. सोनोग्राफीच्या रांगेचं सांगितलं. पाळीभर न उतरण्याचंही सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज आपोआप मोठा झाला. डॉक्टर म्हणाले, पाळीभर? रोज? मी म्हटलं, रोज. इतकी वर्षं एकदाही नाही. त्यांना कौतुक वाटेल असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसतंच कपाळ चोळलं.

सुरुवात कधी झाली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मागच्या वर्षी, अकराव्या मजल्याचा स्लॅब चालू होता तेव्हा.

“माझी मुलगी गेली तेव्हापासून,” सासूबाई भिंतीकडूनच म्हणाल्या.

त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी म्हणालो. तरी डॉक्टरांनी त्या दिवसाबद्दल विचारलं, म्हणून सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. निरोप आला तेव्हा माझ्या हुकाला सळ्यांचा गठ्ठा लटकत होता. खालून वॉकी-टॉकीवर सांगत होते, सोड ते, आधी उतर, घरी जा. पण लोड हवेत ठेवून उतरायचं नसतं. मी गठ्ठा नेमका जागेवर ठेवला, हूक वर घेतला, ब्रेक लावला आणि मग उतरलो. शिडीवर एकदाही पाय चुकला नाही. साहेबांनी नंतर सगळ्यांसमोर सांगितलं, असा ऑपरेटर पाहिला नाही.

डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. सासूबाईंनी नाक पुसलं. त्यांना एसी सोसत नाही.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. याला ओटीपोटाचं जुनाट दुखणं म्हणतात. जंतू सापडत नाहीत, खडा सापडत नाही, पण दुखणं खरं असतं, मनाचा खेळ नसतो. नेमकं कशामुळे होतं ते डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही. पुष्कळ पुरुषांना असतं आणि बहुतेक जण बोलत नाहीत. माझ्या बाबतीत खालचे स्नायू दगडासारखे आवळलेले आहेत, त्यावर व्यायाम आहे. एका गोळीने जाणारं नाही, वेळ लागेल, कदाचित थोडं राहीलही. आणि अडवून धरणं आजपासून बंद. काही तासांनी एकदा जायचंच.

मी विचारलं, आणि सर्टिफिकेट? ते म्हणाले, पाळीत मधे उतरून जाऊ देत असतील तर देतो. नाहीतर नाही.

घरी येताना मला बरं झाल्यासारखंच वाटत होतं. दुखत तेवढंच होतं. पण त्याला आता नाव आहे.

गुरुवार, २४ एप्रिल

व्यायाम शिकवणाऱ्या बाई माझ्या भाचीच्या वयाच्या आहेत. त्या म्हणाल्या, काका, कमरेच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, ती सगळं तोलून धरते. तुम्ही ती कायम वर ओढून धरली आहे.

आवळा म्हणाल्या की मला लगेच जमत होतं. सोडा म्हणाल्या की काही होत नव्हतं. मी म्हणायचो सोडलं, त्या म्हणायच्या नाही सोडलेलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी मी विचारलं, सोडायचं की उतरवायचं? त्यांना कळेना. मी सांगितलं, लोड कधी सोडत नाहीत, सोडला तर खाली माणसं मरतील. लोड उतरवतात, सावकाश, टेकेपर्यंत.

“मग उतरवा,” त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटून उतरवायला लागलो. कुठेतरी खोल काहीतरी थोडंसं खाली आलं. लगेच परत वर गेलं, पण आलं होतं. त्या म्हणाल्या, शाब्बास. या वयात शाब्बासकी मिळाल्याचं घरी सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, काही न केल्याबद्दल.

संध्याकाळी सोफ्यावर झोप लागून गेली. जागा झालो तेव्हा अंगावर चादर होती. घर शांत होतं. रेडिओ हल्ली बंदच असतो.

शुक्रवार, २ मे

डॉक्टरांचं पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी वाचलं, खुर्ची मागे रेटली. माणूस चांगला आहे. म्हणाले, स्टोअरमधली जागा रिकामी झाली आहे, पगार तोच, पंख्याखाली बसायचं, संडास शेजारीच, कोणाला काही सांगावं लागणार नाही. हवं तर केबिनमध्येच राहा, मधे मधे उतर. पण क्रेन थांबवायची तर नियमाप्रमाणे वॉकी-टॉकीवर कारण सांगायचं, दर वेळी. तू काही न सांगता थांबलास तर खालची माणसं क्रेन बिघडलीय समजून पळतील.

वॉकी-टॉकीवर बोललेलं सगळी साइट ऐकते. गवंडी, सळ्या बांधणारे, गेटवरचा वॉचमन, आणि दुसऱ्या क्रेनवरचा घुबड. घुबड म्हणजे गोल चष्म्याचा ऑपरेटर, जो आठ दिवस पुरेल एवढा विनोद एका शब्दातून काढतो. मी ‘टाकी’. मी त्या सगळ्यांना सांगायचं की मी कशाला उतरतोय.

साहेबांनी विचार करायला वेळ दिला आहे. स्टोअर वाईट नाही. सावली आहे.

रविवार, ११ मे

सासूबाईंनी आज विचारलं, स्टोअरमध्ये काय करणार? मी म्हटलं, खिळे मोजून देणार, मोजून परत घेणार. त्यांनी विचारलं, आणि वरून काय दिसतं?

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. सांगत गेलो. पहाटे सगळं गाव धुक्यात बुडालेलं असतं आणि फक्त दोन्ही क्रेन वर असतात. दुपारी ढगाची सावली रस्त्यावरून चालत जाते ती दिसते. आमच्या इमारतीची गच्चीही दिसते. ही तिथे कपडे वाळत घालायची. चेहरा ओळखू यायचा नाही, पण चादर झटकायची पद्धत ओळखू यायची. ती वर बघायची नाही. मी बघतो हे तिला माहीतच नव्हतं.

“माहीत होतं,” सासूबाई म्हणाल्या. “मला फोनवर सांगायची, आज निळी चादर वाळत घातलीय, लांबून चांगली दिसते.”

खाली दुखायला लागलं होतं. उतरवायचं, उतरवायचं, असं मनात म्हणत बसलो. आज चहा घेतलेला नव्हता, त्यामुळे चहाचा दोष नाही एवढं नक्की झालं.

मग मी म्हटलं, पण ते सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे फार होतं.

“आमच्या एक्स्चेंजमधून लोकांनी लग्नं मोडली, बापाला शिव्या दिल्या, हंबरडे फोडले,” त्या म्हणाल्या. “सगळं ऐकून आम्ही पोरी डबा खायला जायचो. तुमच्या लघवीचं कोणाला पडलंय, जावईबापू?”

तो शब्द त्यांनी भाजी चिरता चिरता उच्चारला. मला वाटलं होतं घर हादरेल. विळी चालूच होती.

मंगळवार, २० मे

साहेबांना कालच सांगितलं होतं की केबिन माझीच राहू द्या.

सकाळी चढलो. कळ होती, पण साधी. काँक्रीटच्या बादल्या चालू होत्या. जायची वेळ झाली तेव्हा मी ती टाळली, म्हटलं ही एक बादली होऊ दे. मग दुसरी होऊ दे. मग लक्षात आलं की मी पुन्हा झोळी वर ओढून धरली आहे. जबडासुद्धा.

तिसरी बादली रिकामी झाली. हूक वर घेतला, ब्रेक लावला, वॉकी-टॉकी उचलला. म्हटलं, क्रेन एक थांबतेय, मी खाली येतोय.

खालच्या इशारेवाल्याने विचारलं, काय झालं, बिघाड आहे का?

बिघाड म्हणालो असतो तर सुटलो असतो. आयुष्यात मी कधी क्रेनवर खोटा बिघाड लावलेला नाही.

“बिघाड नाही. लघवीला येतोय,” मी म्हणालो. आवाज साफ गेला.

मी शिडीकडे वळलो, तेवढ्यात खरखर झाली आणि घुबडाचा आवाज आला. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी थांबलो.

“थांब रे,” तो म्हणाला. “चालतं होय असं? क्रेन दोनपण थांबतेय. मी सकाळपासून तंगड्या आवळून बसलोय.”

मग खाली सगळीकडे हशा पिकला. पण तो माझ्यावर नव्हता, निदान एकट्या माझ्यावर नव्हता. इशारेवाला म्हणाला, या, दोघं या, हार घेऊन उभा राहतो.

शिडी उतरलो, एकेक पायरी, सावकाश. घुबड धावत आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि चष्मा सावरत समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, बाटलीचा मला फार वीट आला होता, पण तुझ्यासमोर उतरायचं कसं? मला वेळ लागतो. तो आटपून गेला नाही, उगाच शिट्टी वाजवत थांबला. थोडं थांबत थांबत, पण झालं.

बाहेर आलो. साहेब ऑफिसच्या दारात उभे होते, त्यांनी घड्याळाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी शिडीपाशी जाऊन वर पाहिलं. भर पाळीत, ऊन डोक्यावर असताना, मी माझी क्रेन खालून कधीच पाहिली नव्हती. हूक जिथे हवा तिथे, एका रेषेत, अजिबात न हलता लटकत होता. वारा होता तरी. कोणीही बघून म्हटलं असतं, वरचा माणूस कामाचा आहे.

मग चढलो.